आईच्या आंघोळीची गाडी

मुरूड, ११ डिसेंबर २०२४

चि. रितेश यास,
अ. उ. आ.

वि. वि. पत्र लिहिण्यास कारण की, फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही. आईला कमी ऐकू येतं हा तिनेच पसरवलेला गैरसमज आहे. फोनवर तुझं नाव निघालं की ती आतल्या खोलीतून काठी टेकत येते आणि माझ्या शेजारी बसते. मग मी तुला उरणला ऊन किती आहे ते विचारते. तेव्हा आता कागदच बरा. उत्तर शाळेच्या पत्त्यावर टाक. तुझ्या अक्षराची काळजी करू नकोस, पहिलीच्या वर्गावर माझा जन्म गेला आहे.

मी दमले आहे. हे एवढंच लिहिते, कारण पुढे काही जोडलं की ती तक्रार होते. आईचा खुबा मोडला तेव्हापासून ती माझ्याकडे आहे, आणि तुझे भावोजी गेल्यावर घरात आम्ही दोघीच. पहाटे उठून बंब पेटवायचा, तिची आंघोळ, वेणी, मग तिचे देव, मग चहा, मग माझी शाळा. दिवसा शेजारची आवडाबाई डोकावते, पण रात्रीला मीच. आईवर माझा राग नाही असं लिहिणार होते, पण आहे. कधी कधी नुसत्या त्या काठीच्या आवाजाने डोकं उठतं. वर्गात परवा मी एका मुलीवर ओरडले आणि तिने काहीच केलं नव्हतं.

तू तिला आठ दिवस ने. मी रजा टाकते आणि झोपते. माझी रजा भरपूर शिल्लक आहे, झोपच शिल्लक नाही. तुझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, हे मला माहीत आहे. पाहुण्यांकडे ती राहत नाही आणि का राहत नाही ते तुलाही ठाऊक आहे. कढत पाण्याची आंघोळ झाल्याशिवाय ती पाण्याचा घोट घेत नाही. मामेभावाच्या लग्नात नळाला कोमट पाणी आलं, तर बाई दुपारपर्यंत उपाशी बसली आणि लग्नघरात बोलणी मला बसली. तू ती गाडी घेतलीस, तिच्यात झोपता येतं म्हणालास. तिच्यात आंघोळ करता येईल का, तेवढं सांग.

प्रणालीला आशीर्वाद. आशीर्वाद देण्याइतकी शक्ती अजून आहे. कळावे.
तुझी,
ताई

*

उरण, १८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र प्रणालीने आधी वाचलं आणि माझ्यावर चिडली. म्हणाली, बहिणीने मागेपर्यंत थांबलात. बरोबर बोलली. मी येतो. आईला नेतो. आंघोळीचं माझ्यावर सोड, ताई. बंदरात क्रेनवर बसून मी डोंगराएवढे कंटेनर उचलतो, मला एका म्हातारीला आंघोळ घालता येणार नाही?

आता गाडीचं ऐक. आधी ही शाळेची मुलं नेणारी व्हॅन होती, अजून पिवळीच आहे, त्यामुळे नाक्यावर पोरं हात दाखवतात. मागच्या सीट काढून मी पलंग बसवला आहे, तोही बेताच्या उंचीचा, आईला पाय खाली टेकता येतील असा. मागचं दार वर उघडतं, त्याला चारी बाजूंनी जाड पडदा सोडला की झाली न्हाणी. खाली रबरी जाळी, वर प्लास्टिकची खुर्ची, आणि धरायला दांडा मी स्वतः वेल्डिंग करून घेतला आहे.

पाण्याचे प्रयोग चालू आहेत. आधी टपावर काळा रंग दिलेला जाड पाइप बसवला, दोन्ही टोकं बंद, उन्हात पाणी आपोआप तापतं. दुपारी चटका बसतो, पण सकाळी बर्फ. आईला दुपारी आंघोळ कर म्हणून सांगायची हिंमत तुझ्यात आहे का? माझ्यात नाही. म्हणून आता दुसरं केलं आहे. मोठा कॅन, त्यात छोटा पंप, तो गाडीच्या चार्जिंगवर चालतो, आणि त्याला शॉवरची नळी. शेगडीवर पातेलंभर पाणी उकळायचं आणि कॅनमध्ये ओतायचं. शेगडी गाडीच्या बाहेर लावायची, आत नाही, त्याची धास्ती नको. थर्मामीटर लावला आहे. प्रणाली सध्या याच पाण्याने खाली आवारात न्हाते आणि सोसायटीचे लोक वरून बघतात म्हणून मला शिव्या घालते.

एकोणतीस तारखेच्या रविवारी तुझ्या अंगणात ट्रायल घेतो. पसंत पडलं की लगेच निघू. तू आपली उशी झटकून ठेव.

लोभ आहे तो असू दे, थोडा गाडीवरही ठेव.
तुझा,
रितेश

*

उरण, ३१ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुझ्याकडून निघालो तो रागाने निघालो, हे तुला दिसलंच. जेवलो नाही त्याबद्दल माफ कर. सुरमईवर माझा राग नव्हता.

पण तूच सांग, माझं काय चुकलं? तुझ्या अंगणात आईला खुर्ची टाकून दिली, तिच्या डोळ्यांसमोर सगळं मांडलं. विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरलं, पातेलं उकळलं, ते वरून ओतलं, हात घालून बघितला. अगदी तिला लागतं तसं कढत. पंप चालू केला, नळीतून वाफ निघत होती. आई आधी उत्साहाने टॉवेल घेऊन बसली होती. मग म्हणाली, सर्दी झाली आहे. मग म्हणाली गुडघा दुखतो. मग म्हणाली नळीचं पाणी अंगाला टोचतं, अजून अंगावर एक थेंब पडला नसताना! मी पाणी आणखी गरम केलं तर तोंड फिरवून बसली. शेवटी तुझ्याच न्हाणीत, तुझ्याच बंबाच्या पाण्याने न्हाली आणि बारा वाजता चहा प्याली.

ताई, मला वाटतं तिला माझ्याबरोबर यायचंच नाही. मुलाने नेलं नाही, मुलाने ठेवून घेतलं नाही, हे तिच्या मनात आहे आणि ते खरंही आहे. आंघोळ हे निमित्त. रात्रपाळीनंतर जागून केलेल्या त्या सगळ्या उठाठेवीकडे बघून आता मलाच कंटाळा येतो. पंप काढून ठेवला आहे. तुला आठ दिवस द्यायचे होते, ते माझ्याने झालं नाही.

रागावू नकोस, एवढंच मागतो.
रितेश

*

मुरूड, ७ जानेवारी २०२५

चि. रितेश यास,
अ. उ. आ.

पंप परत बसव.

तुझं पत्र शाळेत वाचलं आणि मधल्या सुट्टीत खुर्चीत बसूनच रडले. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी. आठ दिवस हातातोंडाशी आले होते. घरी येऊन आईची भाकरी ताटात आपटली. रागाच्या भरात आवडाबाईकडे जाऊन बसले आणि तिला म्हटलं, बघ, एवढं पोराने केलं आणि म्हातारीला नखरे सुचतात. त्यावर आवडाबाई चपापली. मग हळूच म्हणाली की सुचिताबाय, तुम्ही शिकल्या-सवरलेल्या, पर तुमच्या भावानं त्या दिशी थंड पान्यात ऊन पानी वतलं, ते तुम्ही बघितलं न्हाय? आईनं सांगितलं माला. पोरगा जित्तेपनी मड्याचं पानी घालतो हाय, आता त्याला तोंडानं कसं सांगू, आसं म्हनत व्हती.

मी तिथेच कपाळावर हात मारला. अरे, आपल्या लहानपणी आई आपल्या हातावर चापट मारायची ते आठव. बादलीत आधी ऊन पाणी घ्यायचं आणि मग वरून थंड पाण्याची विसण घालायची. गार पाणी आधी घेऊन त्यात कढत ओतायचं ते फक्त माणूस गेल्यावर, त्याच्या शेवटच्या आंघोळीला. इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या घरी आलाच नाही, कारण बादलीत बंबाचं पाणी मी काढते आणि विसण आई स्वतःच्या हाताने घालते, दुसऱ्या कुणाला घालू देत नाही. आणि तू तिला अंगणात खुर्चीवर बसवून, कॅन थंड पाण्याने भरून, सगळ्यांदेखत वरून उकळतं ओतलंस. वर विचारलंस, आई, अजून गरम करू का!

ती बिचारी काय बोलणार? असलं अभद्र पोटच्या पोराला कुठली आई बोलून दाखवेल? म्हणून सर्दी, म्हणून गुडघा. तुझ्याबरोबर यायला ती तयारच आहे. त्या शनिवारीच तिने आपलं गाठोडं बांधलं होतं, ते अजून पलंगाखाली तसंच आहे. मी झाडताना रोज बाजूला सारते.

तेव्हा मोकळ्या कॅनमध्ये आधी उकळतं ओत. मग थंडाचा तांब्या तिच्या हातात दे आणि तू बाजूला हो. थर्मामीटर तिच्यासमोर काढू नकोस. आणि आपल्याला कळलं आहे हे तिला कळू देऊ नकोस. लवकर ये, मी खरंच फार थकले आहे.

माया आहे म्हणून तर ओरडते.
ताई

*

दिवेआगर, २३ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला उठवायचं नाही म्हणून फोन करत नाही. पत्र तुझ्या उशाशी येऊन पडेल, जाग येईल तेव्हा वाच.

आगरदांड्याहून गाडी बोटीत चढवली तेव्हा आईने डोळे मिटून घेतले आणि दिघीला चाक जमिनीला लागल्यावरच उघडले. इथे सुरूच्या बनात गाडी लावली आहे. पहिल्या सकाळी मोकळा कॅन तिला दिसेल असा ठेवला, उकळतं पाणी ओतलं, आणि तू सांगितलंस तसा तांब्या तिच्या हातात दिला. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग विसण घातली, बोट बुडवून पाहिलं, अजून घातली. पडद्याआड जाऊन खुर्चीवर बसली ती पाणी संपेपर्यंत उठली नाही. प्रणाली पाठ चोळत होती. आई आतून सांगत होती की हे पानी बरं हाय गो, वाकाया लागत न्हाय.

आता माझं ऐक. पाच वाजता उठणं, पाणी, वेणी, देव, चहा, गोळ्या, मग दुपार, मग रात्री दोनदा उठवणं. आम्ही दोघं आहोत आणि दोघंही मोडलो आहोत. काल प्रणाली वाळूत बसल्या बसल्या झोपली. तू हे एकटी करतेस, शाळा सांभाळून. यापुढे दर महिन्याला मी आठवडाभर गाडी घेऊन येणार, पाळ्या बदलून घेतल्या आहेत. प्रणालीनेच ठरवलं आहे, मी फक्त मान हलवली.

खालचा मजकूर आईचा. ती सांगते तसा लिहितो, मध्ये बोलायचं नाही अशी ताकीद आहे.

सुचिताबाय, मी बरी हाय. तुला वाटतं मला ऐकू येत न्हाय. मला सगळं येतं. माजी आंघोळ झाली की मागनं तू न्हानीत जातेस, बंबात उरलं-सुरलं आसंल तेवढ्यानं. दोन तांबे वततेस न् भाईर येतेस. मी पलंगावर पडून आयकते. दोनच. पोरीच्या घरी ऱ्हाते न् पोरीचं ऊन पानी मीच सरवते, हे मला रोज लागतं, पर बोलाया तोंड न्हाय. आम्ही येऊ तवा गाडी अंगनात लावू. पयली तू न्हायची. मग मी उतरंन. तवर मी गाडीतनं उतरत न्हाय.

इतकंच. आईचा मजकूर इथे संपला.

आमच्यावर लोभ राहू दे, आणि झोप पुरी कर.
रितेश

*

मुरूड, २ फेब्रुवारी २०२५

चि. रितेश यास,
अ. उ. आ.

तुम्ही गेल्यावर घर शांत आहे. आई झोपली आहे. आठ दिवस मी काय केलं असं तू जाताना विचारलंस आणि मी हसले. पहिले दोन दिवस झोपच आली नाही, नुसती पडून राहिले. मग अशी झोपले, की दूधवाल्याने आवडाबाईला बोलावून आणलं, बाईंना आत काही झालं तर नाही ना म्हणून.

पण लिहायचं आहे ते पडद्याआडचं. मी नको नको म्हणत होते, शेजारीपाजारी बघतील, आणि आई दरवाजा धरून गाडीत बसून राहिली, उतरेचना. तू उकळतं ओतलंस. विसण घालायला तांब्या मी मागितला, तर तिने दिला नाही. माझी विसण तिने घातली. एवढ्या मोठ्या बाईची विसण.

पाणी डोक्यावर पडलं आणि रितेश, मला कळेना की पुढे काय करायचं. हात सवयीने भरभर चालायला लागले, साबण, पाय, झालं. मग लक्षात आलं की पाणी चालूच आहे. कुणी हाक मारत नाही, शाळेची वेळ होत नाही, कुणासाठी राखायचं नाही. मी दांडा धरून उभी राहिले. खांद्यांवर, मानेवर, पाठीवर ऊन ऊन पाणी पडत होतं आणि मी मोठ्याने रडत होते. पंपाचा आवाज आहे, बाहेर ऐकू जाणार नाही, असं मला वाटलं. पाणी संपलं, पंप नुसता घरघरला, तू तो बंद केलास. मी तशीच उभी.

मग पडद्याला लागूनच काठी टेकल्याचा आवाज आला. उतरणार नाही म्हणणारी उतरली होती. तिने बाहेरून विचारलं, बाय, आजून तापवू का?

मला असं कुणी शेवटचं कधी विचारलं होतं ते आठवेना. मी हो म्हटलं.

पुढच्या महिन्यात ये. तोवर आम्हा दोघींचा आशीर्वाद आहेच.
तुझी,
ताई