अंगावर काढलेलं

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. आज रजा टाकून भूमच्या दवाखान्यात जाऊन आले, आणि पोरं शाळेतून यायच्या आत हे लिहायला बसले.

मला सारखी येरमाळ्याची ती दुपार आठवते. मी नुकतीच शिक्षिका म्हणून लागले होते आणि तू नवस फेडायला मला घेऊन गेलीस. देवीचा डोंगर चढायची वेळ आली, तर तू खालच्याच पायरीवर बसलीस. "तू ये जाऊन बाई. चपला सांभाळते म्या." नवस तुझा, आणि चढले मी एकटी. येताना एसटीत तुला खोकल्याची उबळ आली. उतरायला उठलीस तर सीट ओली. माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका मागंच बसलेल्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानंच मी म्हणाले, "लहान पोर हाईस का तू? आधी जाऊन यायचं न्हाय व्हय?" तू पदरानं सीट पुसलीस. त्यानंतर तू एसटीत पाय ठेवला नाहीस, लग्नानंतर माझ्या घरीही कधी आली नाहीस. आईला माझ्याकडं करमत नाही, असं मी लोकांना सांगत राहिले.

शेवटच्या आजारात तुला अंघोळ घालताना मी पाहिलं. मांड्यांमध्ये मुठीएवढं लालसर काहीतरी बाहेर आलेलं, आणि ते आत दाबून ठेवायला तू जुन्या लुगड्याची घडी बांधलेली. मी घाबरून मागं सरले.

"अंग हाय ते," तू म्हणालीस. "धाकट्याच्या वक्ताला बाराव्या दिशी हंडा उचलला, तवापासून भाईर येतंय."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? तुझ्या बापाला?"

तुझी पाच बाळंतपणं झाली. माझी दोनच, तीही दवाखान्यात. दुसऱ्या वेळी पोरगं मोठं होतं, चिमटा लावून काढलं. आता वर्गात शिंक आली की मी टेबल धरून उभी राहते. संध्याकाळपर्यंत खाली काहीतरी लोंबतंय असं वाटतं. तुझ्यासारखंच माझं अंग बाहेर येतंय हे मला कळत होतं, तरी पाच वर्षं दवाखान्यात गेले नाही. आज डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, "गर्भपिशवीला खालून झेलणारे स्नायू बाळंतपणात ताणले जातात. तेव्हाच आला असतात तर व्यायामानं बरंच सावरलं असतं. आता पिशवी फार खाली आलीय, ऑपरेशनच करावं लागेल. आणि त्यानंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही." माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. दिवसातून चार वेळा त्यांना मीच उचलून बसवते. मी बरं म्हणाले आणि तारीख न घेताच उठले. जिन्यातच कळलं, मी काही परत येणार नाही.

घरी यांनी विचारलं, "काय म्हणाल्या डॉक्टर?"

"रक्त कमी आहे म्हणाल्या," मी सांगितलं, आणि चहा ठेवला.

तू लपवलंस म्हणून मी इतकी वर्षं तुझ्यावर चिडून होते. तू बोलली असतीस तर मी तुला कुठंही घेऊन गेले असते, असं स्वतःला बजावत होते. पण आई, आज तू जिवंत असतीस, समोर बसली असतीस, तरी यातलं एक अक्षर मी तुला सांगितलं नसतं.