आत्याचा रकाना

२ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
तू मोजलेली भुरीची बारा पानं मी कॉम्प्युटरच्या तक्त्यात घातली! ही बुरशी दर तीन दिवसांनी दुप्पट होते, असं पुस्तक म्हणतं. बाराची चोवीस, चोविसाची अठ्ठेचाळीस... वीस तारखेला तुझ्या पॉलीहाऊसमधल्या काकडीच्या सातशे पानांत एकही हिरवं उरत नाही. सगळ्या वेली आत्ताच उपट. लिहिताना वाईट वाटतंय, पण गणितापुढे इलाज नाही.
रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी,
चिमी

११ जून
चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.
तुझ्या हिशेबाने आज शहाण्णव पानं हवीत. निघाली अकरा! तक्ता अगदीच भित्री भागूबाई दिसतोय तुझा.
पण काळजी आहेच. पंधराला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन. मग दहा दिवस पॉलीहाऊसमध्ये पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. वेली तुझ्या आतोबांनी जपलेल्या शेवटच्या पुडीतल्या. बियांची काकडी पिकायला दोन आठवडे हवेत. उपटल्या तर वाण संपलं. हात धजावत नाही गं, तरी तू म्हणशील तर उपटीन.
पुरे करते. आजची अकरा पानं तोडून पिशवीत भरायचीत. मोजली की रोजच काढते, खरकटं ताट कोण मांडून ठेवतं?
जपून राहा.
तुझी,
आत्या

१३ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
अगं, तोडतेस? रोज? आणि हे आत्ता सांगतेस! तक्ता चुकला म्हणून मी रडकुंडीला आले होते!
लगेच नवा रकाना टाकला, त्याचं नाव ‘आत्या’. रोजची तोड वजा केली आणि वर चढणारी रेघ आडवी झाली, थेट तुझ्या अकरावर! आमचे कॉलेजचे सर तर चहा तसाच टाकून बघायला आले.
पण रकाना दहा दिवस रिकामा ठेवला की शंभरावर पानं जातात. म्हणून हे पत्र आजच्याच बसने पाठवतेय आणि उद्या मीच येतेय. एकही वेल उपटू नकोस. कात्री कुठे असते तेवढं दाखव आणि ऑपरेशनला खुशाल तुझ्या लेकाकडे जा.
भेटीत लाड कर.
तुझी,
चिमी

२७ जून
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.
आज फक्त चार पानं! काकड्या पिवळ्याधमक झाल्या. बी धुऊन वाळवलं, पुडी बांधली. रकाना एक दिवसही रिकामा नाही. पाठ मात्र तुझ्या वयाची झालीय.
माया आहेच, ती राहू दे.
तुझी,
चिमी

२९ जून
चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.
तुझं पत्र दोन्ही डोळ्यांनी वाचलं, दोन्ही भरून आले. पुडीवर वाणाचं नाव आणि तारीख तुझे आतोबा स्वतः घालायचे, मलासुद्धा हात लावू देत नसत. यंदा तू घाल.
तुझी,
आत्या