मुरलीची झोप

कांचघर, जबलपूर
शुक्रवार, १० डिसेंबर १९७१

प्रिय इंदू,

नमस्कार. त्याच्याआधी 'सप्रेम' लिहायची आपली पद्धत आहे, पण आज ते हातून उतरलं नाही.

मी बरी आहे. वहिनी भातावर तूप वाढते आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राहते. दादाने ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळा कागद चिकटवलाय, त्यामुळे घरात दिवसासुद्धा अंधार असतो. तुमच्या अधारतालला परवा सायरनची तालीम झाली असं ऐकलं. तुझ्या सासूबाई घाबरल्या नसतील अशी आशा करते.

आता कामाचं. सोमवारी मी कारखान्याच्या पाळणाघरात हजर होते आहे. मला तान्ह्यांच्या खोलीत ठेवायचं की चालत्या मुलांच्या, हे तू सांगशील तसं होईल, असा आपल्या मुख्य शैलजाबाईंचा निरोप आला. म्हणजे तू सांगायचं आणि मी ऐकायचं. नागपूरच्या प्रशिक्षणात पहिली मी आले होते. बाटलीतलं दूध मनगटावर थेंब टाकून पाहायचं सोडून तू ते सरळ चाखलंस, म्हणून प्रात्यक्षिकात तुझे गुण कापले होते. तरी तुझंच मत विचारलं जातंय.

युद्ध चालू असताना रजा कोणाला मिळते, इंदू? कारखान्यात बाया ओव्हरटाइम करताहेत. रेल्वेत दादाची रविवारची सुट्टीसुद्धा बंद झाली. आणि मला रजा. मागितली नव्हती, हातात ठेवली. शेजारच्या बाई विचारतात, "काय झालं हो हिला?" वहिनी सांगते, "अशक्तपणा." त्यावर त्या माझ्या पोटाकडे बघतात आणि मग त्यांना आठवतं की माझं लग्न झालेलं नाही.

शैलजाबाईंकडे तू गेलीस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. नळावर मी तुला विचारलं तेव्हा बाटल्या विसळता विसळता तू म्हणालीस, "काहून गेली म्हणून विचारतेस? काल दूध उतू गेलं तेव्हा तू शेगडीपुढेच उभी होतीस, हेमू. पाहून राहिली होतीस. हात नाही हलवला."

मी म्हटलं, फडकं सापडत नव्हतं.

"फडकं तुझ्या खांद्यावर होतं, बाई."

होतं. ते मी मान्य करते. दूध वर येताना मला दिसत होतं. आता पातेलं उतरवायचं, हेसुद्धा कळत होतं. पण कळणं आणि हात यांच्यामधलं काहीतरी सुटलं होतं. असं त्याआधीही दोन-तीनदा झालं होतं. ते तू पाहिलं नव्हतंस, आणि मी आपणहून सांगितलं नसतं.

पण तू ते माझ्या काळजीपोटी केलंस, हे मी मान्य केलं नव्हतं. माझी तान्ह्यांची खोली तुला हवी होती, असंच मी धरून चालले. इतके दिवस अंधाऱ्या घरात तेवढंच घोळवत बसले होते, म्हणून स्पष्ट लिहिते. मला तुझा हेवा वाटतो. पगाराचा नाही, नवऱ्याचा तर नाहीच. तुझ्या दुपारच्या अर्ध्या सुट्टीचा.

तू स्वयंपाकघराच्या मागे उन्हात चटई टाकतेस. चपला काढून पालथ्या बादलीवर पाय ठेवतेस. संत्रं सोलतेस, फोडीवरचे धागेसुद्धा काढत बसतेस. आत एखादं पोर ओरडलं की तिथूनच हाक देतेस, "रड बाबा, रड! इंदूमावशी जेवून राहिली!" आणि खरंच जेवत राहतेस. मला तो सालीचा वाससुद्धा सहन होत नसे. मी दुधाच्या टेबलापाशी उभ्याने पोळीची सुरळी खायची. माझी अर्धी सुट्टी मी कधी घेतली नाही. तुझ्या सुट्टीतही दोघींचं काम मीच करत होते, आणि तू परत आल्यावर ते तुझ्या लक्षात यावं म्हणून काही बोलत नव्हते. तू यायचीस तोंड धुऊन, केस नीट बांधून, आणि सगळी पोरं तुझ्याकडे हात पसरायची. मी दिवसभर झिजायची आणि हात तुझ्याकडे. याचा काही हिशेब लागत नव्हता.

एक सोडून सगळी. अंजनीचा मुरली तेवढा तुझ्याकडे यायचा नाही. त्याला झोपायला माझाच डावा खांदा लागायचा. तू घेतलंस की तो अंग ताठ करायचा. तू हसायचीस, "घे बाई तुझा जावई!" आणि मी गंभीर चेहऱ्याने त्याला घ्यायची. आतून मला किती बरं वाटायचं, ते तुला दिसू नये म्हणून तो चेहरा.

मूल जागं असतानाच पाळण्यात ठेवावं, त्याचं त्याला झोपू द्यावं, हे आपण दोघी एकाच बाकावर बसून शिकलो. बाकीच्या मुलांना मी तसंच ठेवत होते. मुरलीला नाही. तो मुळात तसा नव्हता, इंदू. तो आला तेव्हा कुठेही टाका, झोपायचा. खांद्याची सवय मी लावली. एक तरी मूल असं हवं होतं, जे तुझ्याकडे जाणार नाही.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

दिवाळीनंतर अंजनी एकदा म्हणाली होती, "दीदी, घर में तो ये सोता ही नहीं. आप क्या जादू करती हो?" ती बारूद भरायच्या सेक्शनमध्ये आहे. तिथे बांगडी चालत नाही, केसांत पिन चालत नाही. ती मोकळ्या मनगटांनी त्याला घ्यायची आणि तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे वळून बघायचा. तिचे डोळे लाल होते. मला ते दिसलं. मी तिला सांगायला हवं होतं, पण मी म्हटलं, "जादू काही नाही, सवय आहे." आणि त्या दिवशी मी फार खूश होते.

पुढचं तुला माझ्याआधी कळलं. कामावर तिचा डोळा लागला, हातातला ट्रे कलला. काही झालं नाही. शेजारच्या बाईने धरला. तिला तिथून उठवून दिवसभर बाहेर बसवलं, एवढंच. पण त्या ट्रेमध्ये काय असतं, हे आपल्याला माहीत आहे. तू शैलजाबाईंकडे गेलीस ती फक्त त्या उतू गेलेल्या दुधासाठी नाही, यासाठीसुद्धा. आणि तरी मुरलीच्या सवयीबद्दल त्यांच्यापाशी एक अक्षर काढलं नाहीस. हेमलता थकली आहे, एवढंच सांगितलंस. हे मला शैलजाबाईंच्या निरोपावरून उमगलं. त्याचाही मला राग आला. माझी चूक झाकण्याइतकी मोठी तू कधी झालीस?

आता मी केलेली दुसरी गोष्ट. रजेत मी सगळा वेळ घरी नव्हते. वहिनीला दवाखान्याचं निमित्त सांगून मी पाळणाघराशी येत होते. आत नाही. रस्त्यापलीकडे, लिंबाखाली. चौकीदाराने एकदा ओळखलं. "क्या दीदी, छुट्टी में भी ड्यूटी?" मी म्हटलं, बसची वाट बघते. तो म्हणाला, "इधर तो बस आती नहीं."

कशासाठी येत होते, तेही लिहिते. रडणं ऐकायला. कुठलं मूल रडतंय, हे मला न बघता कळतं. माझ्यावाचून तिथे काय आकांत चालला असेल, तो मला ऐकायचा होता. बाकीची पोरं नेहमीसारखी कुरकुरली. मुरली पहिले दोन दिवस खूप रडला. ते ऐकून मी घरी गेले आणि पोटभर जेवले. वहिनीला वाटलं, औषध लागू पडलं.

मग ते थांबलं.

काल तू पोरांना उन्हात काढलं होतंस. मुरली तुझ्या मांडीवर होता, तू चमच्याने पेज भरवत होतीस. त्याने कुंपणाकडे पाहिलं. मी होते. त्याने मला नीट, पूर्ण बघितलं, जसं ही पोरं चौकीदाराला बघतात, आणि मान वळवून चमच्यासाठी तोंड उघडलं. नंतर तू त्याला पाळण्यात ठेवलंस, जागाच. झोकासुद्धा दिला नाहीस. आणि तू तुझ्या चटईवर गेलीस. तो थोडा वेळ स्वतःच्या पायाशी खेळला आणि झोपला. खांदा नाही, कोणी नाही. मला तुझा राग आला, त्याचा आला, त्या पाळण्याचासुद्धा आला.

मी तिथून निघाले, तर फाटकाबाहेर अंजनी भेटली. तिला लवकर सोडलं होतं. मी चुकवून जाणार होते, पण तिने हात धरला. "दीदी, अच्छी हो गईं? अब ये घर पे भी सोता है. इंदू दीदी ने आदत डाल दी. कल मैं भी सोई, पूरी रात." डोळे पांढरे स्वच्छ होते तिचे. मला वाटलं होतं, ती माझ्यावर रागावलेली असेल. तिला काही माहीतच नाही. ती अजून त्याला जादूच समजते, आधी माझी आणि आता तुझी. मी म्हटलं, "छान झालं." ते खरंच छान झालं होतं, आणि मला ते नको होतं, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

काल संध्याकाळी मी झोपले ती आज उजाडेपर्यंत. वहिनीने हलवून पाहिलं म्हणे. जाग आल्यावर कितीतरी वेळ मला काही करावंसं वाटलं नाही, आणि त्याची भीती वाटली नाही. मी किती दमले होते, हे मला आज कळतं आहे. तुला ते शेगडीपाशी कळलं.

तर सोमवारचं. शैलजाबाईंना सांग, मला तान्ह्यांच्या खोलीत ठेवा. चालत्या मुलांकडे पाठवलंस तर मी मुकाट्याने जाईन, पण दाराशी कान ठेवून उभी राहीन, ते बरं नाही. माझी अर्धी सुट्टी मुरलीच्या झोपेच्या वेळेला ठेव, बरोबर त्याच वेळेला. त्याला पाळण्यात तू ठेवायचं. रडला तर तू बघायचं, किंवा बघायचं नाही, तुझ्या पद्धतीने. मी आत येऊ लागले तर येऊ देऊ नकोस. मी काहीतरी कारण सांगेन. माझी कारणं ऐकायला बरोबर वाटतात. तरी आत सोडू नकोस.

त्या वेळात बाहेर बसून काय करायचं, ते मला अजून येत नाही. चटईवर मला जागा दे. बोलायची सक्ती करू नकोस.

तुझ्यावर अजून रागावलेली, आणि सोमवारी तुझ्याच शब्दावर कामाला येणारी,

हेमलता