निघण्याआधी मिनिटभर

इंगोलश्टाट, जर्मनी

चि. सरलास ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

ईप्सिताच्या बास्केटबॉल संघाला ओलेना नावाची सहायक प्रशिक्षक आहे. युक्रेनमध्ये ती पगारी खेळाडू होती. परगावी सामन्याला निघताना ती सगळ्यांना मिनिटभर गप्प बसवते. म्हणजे माणूस सुखरूप परततो, अशी त्यांच्याकडे रीत आहे. काल मीही त्यांच्यासोबत निघाले, तेव्हा तिने नातीकडून मलाही सांगितलं, "आजी, तुम्हीपण बसा. घर सोडताना मला बसायला वेळच मिळाला नाही." ओलेनाची आई अजून युक्रेनमध्येच आहे.

तुझे भाऊजी दवाखान्यात निघाले तेव्हा 'येतो' म्हणायचे राहिले. विमानाच्या गडबडीत मीही तुला 'जाते' म्हणाले.

आज आधी मिनिटभर बसले, मग हे लिहिलं. सरला, येते गं.

तुझी,
कुंदाताई