बाबांना न सुटलेला बोल्ट

मंगळवार, ४ मार्च

नाहीच हलला! पाऊण तास गाडीखाली पाठ टेकून पडले होते. कोपर सोललं, केसांत माती गेली आणि बोल्ट जिथल्या तिथे.

दादा रविवारी येऊन गाडी घेऊन जाणार. बाबा गेल्याला चौदा महिने झाले, अंगणात उभी राहून ती नुसती सडतेय, त्याचंही खरंच आहे. 'तेल मी इकडे गॅरेजमध्ये बदलून घेईन, तू कशाला खटाटोप करतेस' – फोनवर म्हणाला. पण बाबांचा नियम होता. सहा महिने झाले की आधी इंजिनाचं तेल बदलायचं, मगच गाडी फाटकाबाहेर. शेवटच्या वेळी मात्र तेल सोडायचा हा खालचा बोल्ट त्यांना सुटलाच नाही. गाडीखालून बाहेर आले आणि तळहात बघत बसले. 'हातातला जोर गेला गं माझ्या.' त्या दिवसापासून गाडी बंद. पुढे वर्षभर साधी बरणीसुद्धा उघडायला माझ्याकडे द्यायचे. इतकी चीड येते मला त्या बोल्टची!

मला बघायचंय, दोष हातांचा होता की बोल्टचा. रविवारच्या आत.

बुधवार, ५ मार्च

अंग ठणकतंय. वाटीसुद्धा उचलवत नाही.

गुरुवार, ६ मार्च

कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गेले. 'ताई, गंज सोडवायचा स्प्रे मारा, दिवसभर मुरू द्या. मग इंजिन थोडं गरम करा आणि पान्याला एकदम झटका द्या. नुसतं लोंबकळून काय होणार?' मी लोंबकळत होते हे त्याला कसं कळलं कोण जाणे. एक चालू बॅटरीही उसनी दिली.

स्प्रेचा वास आला आणि सगळं आठवलं. तेल बदलायच्या रविवारी टॉर्च धरायचं काम माझं. दादा नेमका तेव्हाच अभ्यासाला बसायचा! मी कंटाळून टॉर्च भलतीकडे फिरवायची आणि खालून आवाज यायचा, 'बाईसाहेब, बोल्ट माझ्या नाकात नाहीये.' आई पायरीवर बसून पाने पुसायची. बाबा गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे, आकडा सांगायचे नाहीत, आणि आई बरोबर तोच पाना हातात ठेवायची. घरात एरवी दोघांचं धड पाच मिनिटं पटायचं नाही. काळं तेल पसरट डब्यात पडायला लागलं की बाबा त्यात दोन बोटं बुडवून वास घ्यायचे आणि डॉक्टरसारखं 'हं' म्हणायचे. त्या 'हं'चा अर्थ मला अजून माहीत नाही.

मग चौघांची एक फेरी. शाळेपर्यंत जायचं आणि परत यायचं, बस. पण शाळा बंद असताना तिच्यासमोरून गाडीतून जायचा काय तोरा होता! फार आठवण येते त्या रविवारांची. आज टॉर्च विटेला टेकवून एकटीच पडले होते आणि रडू आलं.

शुक्रवार, ७ मार्च

गाडी सुरू झाली. आधी खोकली, मग लागली गुरगुरायला. बोल्ट तसाच.

आईचं काहीतरी बिनसलंय. जेवताना दोनदा म्हणाली, 'नेऊ दे ना त्याला गॅरेजमध्ये.' मी ऐकलं नाही. मग ताट तसंच ठेवून उठली.

शनिवार, ८ मार्च

सुटला!!

इंजिन गरम केलं, पान्यावर हातभर लोखंडी पाइप चढवला आणि हात सोडून सरळ लाथ घातली. कट् असा आवाज झाला. मला वाटलं, मोडला. पण सुटला होता! तेल कोपरापर्यंत आलं, भाजलं थोडं, त्याचं काही नाही.

बॅटरी न्यायला मेकॅनिक आला तेव्हा त्याला बोल्ट दाखवला. त्याने पुसून उजेडात धरला. 'हा गंजाने नव्हता अडकला, ताई. आटे बघा, नव्यासारखे आहेत. वॉशर पार चपटा झालाय. पाइप लावून आवळलाय कोणीतरी. बाबांनीच आवळला असेल.' बाबा कशाला आवळतील? 'आवळायला मनगट पुरे, ताकद दाखवायची नाही,' हे मी शंभरदा ऐकलंय.

पण ते जाऊ दे. दोष हातांचा नव्हता! धावत जाऊन आईला सांगितलं. ती 'बरं' म्हणाली आणि भांडी घासायला लागली. घासलेलीच भांडी.

रविवार, ९ मार्च

सकाळी नवं तेल भरलं. दहा वाजता दादा नवी बॅटरी बसवून गाडी घेऊन गेला. फाटक लावून वळले तर आई पायरीवर बसलेली. माझ्याकडे न बघता म्हणाली, 'तो बोल्ट मी आवळला होता. ते गाडी ठोकळ्यांवर चढवून जेवायला आले आणि जेवून झोपले, तेव्हा. पाइप लावून, पायाने. त्यांना नीट दिसेनासं झालं होतं गं. आदल्या आठवड्यात सायकलवरची एक मुलगी आमच्या गाडीखाली येता येता वाचली. मी शेजारी बसले होते, आणि ह्यांना ती दिसलीसुद्धा नाही. नको म्हटलं असतं तर ऐकलं असतं का त्यांनी? मला वाटलं, चिडतील बोल्टवर आणि देतील सोडून. ते हातांवर चिडतील असं नव्हतं वाटलं मला.'

मग तिनेच विचारलं, 'मी त्यांना सांगायला हवं होतं का?'

मी पाने आणले आणि तिच्याशेजारी पायरीवर बसून पुसायला लागले.