किल्ल्यावरून दाखवलेलं शेत

प्रिय आई,

"ते बग, आपलं शेत. इथूनच दिसतंय, मग एवढं लांब चालत कशाला जायाचं?"

उदगीरच्या किल्ल्यावर, मागच्या बुरुजाशी उभी राहून तू हे म्हणाली होतीस. मी तेव्हा सात वर्षांची असेन. परवा येळवशीच्या अवसेला पुन्हा तिथं गेले, तुझ्याविना पहिल्यांदाच. आल्यापासून डोक्यात नुसता गुंता झालाय. कुणाला विचारू? म्हणून तुलाच लिहितेय.

येळवशीला सगळं गाव शेतात जातं. बाजार बंद, गल्ल्या ओस. ज्यांना शेत नाही त्यांना कुणी ना कुणी जेवायला बोलावतंच. बाबांच्या शाळेतले लोक आपल्यालाही बोलवायचे. पण तुझं एकच, "लोकाच्या शेतातल्या कोपीत पाव्हण्यावानी बसण्यापरीस किल्ला बरा." मग भज्जी, बाजरीचे उंडे आणि आंबिलीचं गाडगं घेऊन आपण खंदक ओलांडून आत शिरायचो. जेवण झालं की तू बुरुजावरून खाली, त्या "आपल्या" शेताच्या दिशेनं, शेतकरी पिकावर शिंपडतात तशी, आंबील शिंपडायचीस. वारा उलटा असला की सगळी आंबील बाबांच्या सदऱ्यावर!

चौथीत मी वर्गात सांगितलं, किल्ल्याखालचं शेत आमचं आहे. माझ्या बाकावरची मुलगी उसळली, "काय बी नको सांगू! ते माझ्या काकाचं हाय." मारामारी झाली. रडत घरी आले, तर तू पदर तोंडाला लावून हसत सुटलीस. "असू दे की त्याचं. बघायला काय त्याच्या बापाचं जातंय?"

मोठी झाल्यावर मला तो खेळ कळला. बिनशेतीच्या घरातल्या पोरींची समजूत काढायची तुझी रीत. माझ्या मुलांना तो किती कौतुकानं सांगितला होता मी!

आणि मग मागच्या महिन्यात लोह्याहून बापूमामा आला. पिशवीत कागद. चहा अर्धा झाल्यावर म्हणाला, "अक्काच्या नावचं तेवढं राह्यलंय बग मंगल. आता तुम्हां दोघींच्या सह्या लागत्यात."

"आईच्या नावचं काय, मामा?"

"शेत. तुमचे आजोबा गेल्यावर सातबाऱ्यावर अक्काचं बी नाव लागलं व्हतं की. तोंडानं मला कवाच देऊन टाकलं हिनं. सहीचा दिस ठरला की मात्र हिचे डोळे आलेले!"

आपली धाकटी सुनी म्हणाली, "मामा, डोळे आल्यावर सही करता येत न्हाई व्हय?"

"तेच तर मी म्हंतो! एकदा डोळे. एकदा पंचमी. एकदा म्हनं मांजर व्यालंय, घर सोडता येत न्हाई."

आम्ही हसलो. मामा सगळ्यात जास्त हसला. मग हसता हसता त्याचेच डोळे भरले.

आई, आपलं शेत होतं? खरंखुरं, तुझ्या नावाचं? दर उन्हाळ्यात लोह्याला मी त्याच बांधावर हुंदडत होते आणि मला माहीत नव्हतं? मला तर एवढंच आठवतं, तिथली भाजी खुडायच्या आधी तू धाकट्या भावाला हाक मारून विचारायचीस, "बापू, चार मिरच्या घेऊ का रे?" स्वतःच्या शेतातल्या मिरच्या! विचारताना तुला काय वाटत होतं? की काहीच वाटत नव्हतं?

जे आपलं नव्हतं ते बोट दाखवून दाखवलंस, आणि जे होतं त्याबद्दल एक अक्षर नाही. असं का केलंस?

सुनीनं सही केलीसुद्धा. परवा बुरुजावर उंडे मोडता मोडता मला म्हणाली, "ताई, करून टाक. आई गेली, आता माहेर म्हणून एक मामाच उरलाय. वाटा मागणाऱ्या भाचीला दिवाळीला कोण बोलावतं?"

"मी कुठं वाटा मागतेय?"

"सही करत न्हाईस म्हणजे मागतेसच की."

तिचं बरोबर आहे. मामा वाईट नाही. तुझ्या आजारपणात लोह्याहून एसटीनं दूध घेऊन यायचा, ते मी विसरलेले नाही. त्या जमिनीत तो आयुष्यभर राबलाय. मी लातूरला फ्लॅटमध्ये राहते, मला ज्वारीतलं गवतही ओळखता येत नाही. मग हात का अडतोय माझा?

गंमत म्हणजे तू दाखवलेलं शेत कोणतं, यावरूनही आमचं भांडण झालं. मी म्हणाले, चिंचेखालचं. सुनी म्हणाली, "चल! विहिरीजवळचं. माझ्या डोक्यावर हात ठेवून दाखवलंय आईनं." दोन्ही शेतांचं एकमेकांशी काही नातं नाही गं. निम्म्या जागेवर आता प्लॉट पडलेत. तू दर वर्षी वेगळंच दाखवत होतीस का? की डोळ्यांसमोर लोह्याचं असायचं आणि बोट जाईल तिकडं जाऊ द्यायचीस? आम्ही शेवटी दोन्हीकडं आंबील शिंपडली आणि उतरलो.

मला वाटतं, सही करायची नसती तर तू मामाला तसं सांगितलं असतंस. मग वाटतं, करायची असती तर इतकी वर्षं डोळे आले नसते. एका बाईचं एकाच वेळी दोन्ही खरं असू शकतं का? तुझं होतं का?

एक शब्द देते. कागद टपालानं पाठवणार नाही, सुनीच्या हातीही नाही. सही करेन किंवा करणार नाही, जे असेल ते लोह्याला जाऊन, मामासमोर बसून सांगेन. डोळे आल्याचं सांगणार नाही.

पण जायच्या आधी एक मागते. तुझं नाव असलेली ती जमीन तुला हवी होती, एवढं एकदा माझ्याजवळ कबूल कर. मामाला कळणार नाही, सुनीलाही नाही. नुसतं "हवी होती" म्हण. जन्मभरात काही हवं आहे असं तू कधी म्हणाली नाहीस, आताही म्हणणार नाहीस. तरी मागते.

तुझी थोरली,
मंगल