कपाटाएवढं घर

मच्छे, बेळगाव
१४ नोव्हेंबर २०२५

मंथनच्या आप्पांना,

सुवर्णाचा नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही आणि शालूबाई वन्सं निपाणीत खुशाल असाल. फोन असताना पत्र कशाला, असं वाटेल. फोन वन्संच्या हातात असतो, त्या स्पीकर लावतात आणि तुम्ही लांबनं "बरं हाय" म्हणता. तेवढ्यात काय बोलायचं?

वडगावचं आपलं भाड्याचं घर मालकानं पाडलं. अपार्टमेंटचे खांब उभे राहिलेत. परवा बाजारातनं येताना पाय आपोआप त्या बोळात वळले. तुमच्या हातमागाच्या खड्ड्यात पाणी साचलंय.

इथली घरं तुम्ही पाया घालताना बघितली होती. "ही घरं न्हाईत, कपाटं हाईत" म्हणालात आणि माग सुटा करून, तो घेऊन बहिणीकडं गेलात. त्या कपाटांत आता वीसएक बिऱ्हाडं आहेत, सगळी आपल्यासारखीच भाड्यानं फिरलेली. एक खोली, कोपऱ्यात ओटा, झोपायला शिडी चढून माळ्यावर. धुण्याची जागा आणि एक मोठी खोली सगळ्यांत मिळून. कुणाकडं पाहुणे आले की तिथं पंगत बसते. जागा आपल्या सगळ्या बिऱ्हाडांच्या संघाची आहे, त्यामुळं उद्या कुणी येऊन "खाली करा" म्हणणार न्हाय. हे मला अजून अधनंमधनं स्वतःला सांगावं लागतं.

भांडणंही होतात. बायाक्का वाटेवरच मिरच्या वाळत घालते. शेजारचे भावकू भिंतीपलीकडनं सगळं ऐकतात; मी शिंकले तर "काढा घ्या वैनी" म्हणून ओरडतात.

दिवाळीला मंथन पुण्याहून आला होता. जाताना म्हणाला, "आई, आप्पा काय माग सोडून यायचे न्हाईत." मी म्हटलं, व्हय रं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते.

गणपतीच्या वेळी भावकू मला म्हणाले, "वैनी, मोठ्या खोलीच्या मागं पत्र्याची शेड रिकामी हाय. तुमच्या मालकांचा माग तिथं आरामात बसंल. कमिटीत विषय काढू का?" मी म्हटलं, "त्यांना विचारून सांगते." विचारलं न्हाय. प्रत्येक फोनला सांगायचं ठरवलं आणि थंडी-पाऊस विचारून फोन ठेवला.

तुमच्यावर राग न्हवता. पण लग्न होऊन आले तेव्हापासनं घरात पहिली जागा मागाची, उरली ती आपली. मंथन मागाखाली रांगला. मी भाकरी झाल्या की चरख्यावर तुमच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायची. तापात भरल्या. माझी आई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी भरल्या, गिऱ्हाइकाची लग्नाची साडी अडली होती म्हणून. इथं आल्यावर एका दुपारी मी फरशीच्या मधोमध आडवी झाले आणि हात पसरले. कशालाच लागले न्हाईत. एवढ्याशा घरात! लई रडले, पण दुःखानं न्हवे. माग शेडमध्ये बसला तरी चरखा माझ्याच पुढ्यात येणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून गप्प राहिले.

पण तुमच्याविना बरं चाललंय असंही न्हाय. संध्याकाळी भावकू आणि त्यांची बायको दारात बसून वाद घालतात, ते ऐकत मी माझ्या पायरीवर बसते. मला भांडायलाही कुणी न्हाय.

काल कमिटीत मीच उभी राहून शेडचा विषय काढला. बायाक्का म्हणाली, "दिवसभर ती खटखट कोण ऐकणार?" मी म्हटलं, "पॉवरलूमच्या आवाजात जन्म गेला तुझा, आणि हातमाग टोचतोय व्हय गं?" सगळे हसले. दिवेलागणीपर्यंत चालवायचा, असं ठरलं.

शेड तुमची आहे. कांड्या मात्र मी भरणार न्हाय. रागानं लिहीत न्हाय, ठरवून लिहिते.

पत्र वन्संना दाखवू नका.

तुमची वाट बघणारी, पण इथंच राहणारी,
सुवर्णा

•

निपाणी
२१ नोव्हेंबर

सुवर्णा,

पत्र मिळालं. आक्काला दाखवलं न्हाय.

मला लिवायची सवय न्हाय. फोनवर माग चालू हाय म्हणत होतो, ते खोटं. आलतो तसा तो गोठ्यात सुटा पडलाय. जोडून द्यायला भाचा तयार हुता, मीच नको म्हटलं. हिकडं जागा लई हाय, करमत न्हाय.

त्या घरात मागाला जागा न्हाय म्हटल्यावर मला वाटलं, मग माझी तरी कुठं. तू एकदाबी "तुम्ही या" म्हटली न्हाईस. त्याचा राग धरून बसलो. आज तुझं वाचून कळलं, तुला म्हणावंसं का वाटलं नसंल.

तुझ्या आईच्या दुसऱ्या दिवसाचं मी इसरलो न्हवतो. तवा बोलायला पायजे हुतं.

कांड्या माझ्या मी भरीन. न जमलं तर माग बंद ऱ्हाईल. भावकूंना सांग, शेडची घाई न्हाय. आदी मी येतो. शिडी माझ्या गुडघ्याला झेपायची न्हाय, मी खालीच निजीन, भिंतीकडंला.

उत्तर लिवू नको. रविवारच्या पहिल्या गाडीनं निघतोय. पत्राच्या आदी मीच पोचंन, मग हे आपण दोघं मिळूनच वाचू.

आण्णाप्पा